कमी शिकलेली लेखनिक

“पंचफुला, तुझं शिक्षण किती?”

परीक्षेची व्यवस्था बघणाऱ्या मोहरील सरांनी हे विचारलं तेव्हा मी व्हरांड्यात माठांच्या ओळीपाशी उकिडवी बसून पेले विसळत होते. मला वाटलं, माझ्या हातून काहीतरी चुकलं. चार वर्षं मी परीक्षांच्या दिवसांत विद्यापीठात पाणी द्यायला जात होते. हळू आवाजात ‘पाणी’ म्हणत बाकांच्या रांगांतून फिरायचं, मुलांच्या पेपरकडे बघायचं नाही, कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, एवढंच काम. त्याला शिक्षण लागत नव्हतं.

“नववी,” मी म्हटलं. “म्हणजे नववीत होते. वार्षिक परीक्षेच्या आधीच लग्न झालं.”

“लिहिता येतं?”

“वस्तीतल्या बायकांची पत्रं मीच लिहिते.”

सर मागे वळले आणि दारातल्या कारकुनाला म्हणाले, “मिळाली.”

मी पदराला हात पुसत उभी राहिले. याआधी मी अंगणवाडीत मदतनीस म्हणून विचारायला गेले होते, शिवणाच्या वर्गात गेले, दवाखान्यात आयाची जागा होती तिथे गेले. नववी म्हटलं की समोरचा माणूस कागद बाजूला सरकवायचा. नववी ऐकून कोणाला हायसं वाटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पंचाण्णव सालचा जून होता. इतिहासाच्या एम.ए.ची प्रवेशपरीक्षा होती. आमचं विद्यापीठ इंग्रजांच्या वेळचं, दगडी, उंच छताचं. तिथल्या इतिहास विभागात पंचवीस जागा. त्यातल्या वीस तिथल्याच कॉलेजांतून चांगल्या गुणांनी आलेल्यांना सरळ मिळायच्या. उरलेल्या पाच बाहेरून परीक्षा दिलेल्यांसाठी, नोकरी करून शिकलेल्यांसाठी, कुठून कुठून आलेल्यांसाठी. त्या पाचांना दार एकच, ही परीक्षा. त्या दिवशी सत्तर जण बसले होते.

सरांनी मला आतल्या छोट्या खोलीत नेलं. तिथे एका बाकावर पंचवीसेक वर्षांची एक बाई ताठ बसली होती. फिक्या निळ्या रंगाची साडी, गालावर देवीचे व्रण, मांडीवर घडी करून ठेवलेली पांढरी काठी. यशोधरा गजभिये तिचं नाव. लहानपणी देवी आल्या त्यात दोन्ही डोळे गेले होते. तिचं उत्तर ती तोंडाने सांगणार आणि दुसऱ्या कोणीतरी लिहायचं, अशी सोय असते. लिहिणाऱ्याला लेखनिक म्हणतात. नियम असा की लेखनिक परीक्षेला बसणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला हवा, म्हणजे आपल्या मनचं घालून उत्तर सुधारता येऊ नये. अकरावीतली एक मुलगी ठरली होती, तिची आई सकाळीच दवाखान्यात भरती झाली. आदल्या वर्षीही हेच झालं होतं. तेव्हा ऐनवेळी आणलेली लेखनिक पदवीधर निघाली म्हणून यशोधराला पेपर न देता घरी जावं लागलं होतं. ती बँकेत टेलिफोन ऑपरेटर होती आणि बँकेने शिकायला जी सवलत दिली होती ती याच वर्षापुरती होती. हे सगळं सरांनी मला चालता चालता दोन मिनिटांत सांगितलं.

“बाई, ही आमची पंचफुला. नववीपर्यंत शिकलेली आहे,” सर तिला म्हणाले. “चालेल का?”

यशोधराने माझ्या दिशेला तोंड वळवलं. “जोडाक्षरं येतात?”

मी हो म्हटलं. तिने मला ‘सार्वभौमत्व’ लिहायला सांगितलं. मी लिहिलं. तिने मोहरील सरांना ते बघायला लावलं. बरोबर होतं. तिचा चेहरा काही हलला नाही, पण तिने काठी मांडीवरून काढून बाकाखाली ठेवली. तेव्हा मला कळलं की आता ती उठून जाणार नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी तेव्हा त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हती. पेपर सुटला की मुलं प्रश्नपत्रिका बाकावर, पायऱ्यांवर, कुठेही टाकून जायची. मी त्या गोळा करून घरी न्यायचे. शेजारणींना वाटायचं चूल पेटवायला. काही पेटवल्याही असतील. पण बऱ्याचशा मी पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या आणि दुपारी वाचायचे. इतिहासाच्या मला सगळ्यात आवडायच्या. अमक्याची कारणे सांगा, तमक्याचे परिणाम लिहा, हे विधान तुम्हाला पटते काय? चार वर्षांत घरात शेकड्यांनी प्रश्न जमले होते आणि उत्तर एकाचंही नव्हतं. ते कोणाला विचारावं हेही कळत नव्हतं. माझे यजमान, म्हणजे माझ्या मुलीचे, कांचनचे बाबा, आरागिरणीत कामाला. त्यांना विचारलं तर म्हणायचे, “मला फळीची जाडी विचार.”

तर मी प्रश्नपत्रिका वाचून दाखवली. पाचापैकी चार सोडवायचे होते. यशोधराने सगळे प्रश्न दोनदा वाचून घेतले, चार निवडले आणि सांगायला लागली. ती भरभर सांगत होती, पण वाक्य संपलं की तिथे बोटाने बाकावर टकटक करायची, म्हणजे पूर्णविराम. नवा परिच्छेद असला की दोनदा. पंधरा मिनिटांत आमची गाडी बरी चालायला लागली. माझी बोटं दुखत होती, तळवा घामाने कागदाला चिकटत होता, म्हणून मी हाताखाली रुमाल घेतला. पहिला प्रश्न जमीनमहसुलाचा होता, दुसरा गिरण्या आणि कामगारांचा. मी लिहीत गेले. समजत किती होतं ते सांगता येणार नाही, कारण पुढचं वाक्य यायच्या आत मागचं कागदावर उतरवायचं होतं.

तिसरा प्रश्न असा होता : दुष्काळ हा निसर्गाचा कोप असतो की राज्यकर्त्यांची करणी? साधार चर्चा करा.

हा प्रश्न माझ्या पेटीत होता. शब्द थोडे वेगळे असतील, पण होता. दोन वर्षांपूर्वीच्या कागदावर. त्यावर मी किती दुपारी विचार केला होता, कारण दुष्काळ मी पाहिला होता. बहात्तर साली मी आठ वर्षांची होते.

यशोधरा सांगायला लागली. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात धान्य नव्हतं असं नाही, ती म्हणाली. धान्य होतं. ते रेल्वेने बंदरावर जात होतं आणि तिथून जहाजाने बाहेर. ज्या रेल्वेने धान्य गावात यायला हवं होतं तिनेच ते गावातून नेलं. लोक मेले ते पाऊस पडला नाही म्हणून नव्हे, समोर आलेलं धान्य विकत घ्यायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती म्हणून.

मला आमच्या गावचं स्टेशन दिसायला लागलं, मालधक्का दिसायला लागला, पोत्यांवर बसलेला हमाल दिसायला लागला. माझी आजी सांगायची की तिच्या आजीच्या वेळी माणसं चिंचोके उकडून खायची, आणि मी नेहमी विचारायचे की मग दुकानात काही नव्हतं का. आजीला उत्तर माहीत नव्हतं. आज ते कोणीतरी सांगत होतं, शांतपणे, एकामागून एक, जणू ताटात वाढावं तसं.

टकटक. मग पुन्हा टकटक. मग बोट थांबलं.

“का हो, पेनचा आवाज येत नाही,” यशोधरा म्हणाली.

मी कागदाकडे पाहिलं. अर्धं पान कोरं होतं. ती किती वेळ बोलत होती कोण जाणे. बसल्या जागी खोटं बोलता आलं असतं, पेन बंद पडलं म्हणता आलं असतं. तिला कुठे दिसणार होतं? पण दिसणार नव्हतं म्हणूनच ते माझ्याच्याने म्हणवेना.

“माझं लिहायचं राहिलं,” मी म्हटलं. “मी ऐकत होते.”

खोलीतल्या पर्यवेक्षिका बाईंनी मान वर केली. मला वाटलं आता ती सरांना बोलावेल, मला उठवतील, आणि तिचं हे वर्षही जाईल. ते मी घालवलेलं असेल. पण यशोधराने विचारलं की शेवटचं लिहिलेलं वाक्य कोणतं. मी ते वाचलं.

“तिथून पुढे घ्या,” ती म्हणाली आणि तिने ते सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. या वेळी ऐकायचं नाही असं मी ठरवलं. दात आवळून फक्त लिहिलं.

पण वेळ गेला तो गेलाच. चौथ्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्यावर असताना घंटा झाली. अंध परीक्षार्थींना मिळणारा जादा अर्धा तासही तोवर संपला होता. पर्यवेक्षिका बाईंनी माझ्या हाताखालून उत्तरपत्रिका ओढून घेतली. यशोधराच्या डोक्यात शेवटचं वाक्य पुरं तयार होतं. कागदावर ते ‘म्हणून’ या शब्दापाशी तुटलं.

बाहेर आल्यावर मी तिला रिक्षापर्यंत सोडायला निघाले. मला तिची माफी मागायची होती. फाटकापाशी तीच थांबली.

“तिसऱ्या प्रश्नाला दुसऱ्यांदा सांगताना शेवटी शेवटी तुमचं पेन पुन्हा एकदा अडकलं,” ती म्हणाली. “स्वातंत्र्यानंतरच्या दुष्काळावर मी दोन वाक्यं सांगितली तिथे. काय झालं होतं?”

मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, आता पेपर गेला, आता बोलायला बंदी नाही. मग मी सांगितलं. तुम्ही सांगितलं की पुढेही तसंच चालू राहिलं, ते मला पटलं नाही. बहात्तरला आमच्या लोणारकडे तीन वर्षं धड पाऊस नव्हता. विहिरीत उतरून वाटीने पाणी भरलं. पण आमच्या गावात भुकेने कोणी गेलं नाही, कारण रस्त्याचं काम निघालं होतं. माझी आई खडी फोडायची. आम्हा पोरांना तिथे खायला सुकडी मिळायची. परदेशी लाल ज्वारी, मिलो म्हणायचे तिला, ती यायची, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही, पण ती होती. म्हणजे पाऊस दोन्ही वेळेला नव्हता. तेव्हा माणसं मेली आणि आमच्या वेळेला जगली. पाऊस सारखा आणि शेवट वेगळा, तर मग प्रश्नाचं उत्तर तिथेच नाही का?

बोलून झाल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. रिक्षावाला घाई करत होता.

यशोधरा म्हणाली, “मी अर्धंच उत्तर लिहिलं आज.”

मग तिने माझं पूर्ण नाव विचारलं, पत्ता विचारला. मला तिचा बँकेचा नंबर दिला आणि यादी लागली की कळवा म्हणाली. तुम्ही तिथेच असता, तुम्हाला आधी दिसेल.

पुढचा महिना मी नीट जेवले नाही. इतिहास विभागाच्या फळ्याकडे रोज चक्कर मारायचे. काम असो नसो, जायचे. शिपाई विचारायचा, बाई, तुमचं काय अडलंय तिथे? जुलैच्या एका सोमवारी फळ्यावर कागद दिसला. वीस नावं वर, रेघ, आणि रेघेखाली पाच. चौथं नाव गजभिये यशोधरा. मी बोट ठेवून तीनदा वाचलं.

आयुष्यात मी तोवर टेलिफोन लावला नव्हता. बूथवाल्याने नंबर फिरवून रिसीव्हर माझ्या हातात दिला.

“नमस्कार, कोणाला जोडून देऊ?” तिकडून आवाज आला. तोच आवाज, तसाच शांत.

“कोणालाच नको,” मी म्हटलं. “यादी लागली. तुमचं चौथं नाव आहे.”

मागे बँकेची गडबड ऐकू येत होती. मग ती म्हणाली, “आणि तुमचा अर्ज कधी भरायचा?”

मला वाटलं ती थट्टा करते आहे, किंवा आनंदाने काहीतरी बोलते आहे. पण तिने ते महिनाभर आधीच शोधून ठेवलं होतं. मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा असते. वय अठराच्या वर हवं, मागचं शिक्षण कोणी विचारत नाही. ती पास झालं की बी.ए.ला बसता येतं. आणि बी.ए. झालं, की ही पाच जागांची परीक्षा. “तुम्ही ऐकता ऐकता लिहायचं विसरलात,” ती म्हणाली. “असं माझ्या वर्गातसुद्धा कोणी ऐकत नसेल.”

मी घरी येऊन हे सांगितलं. कांचनच्या बाबांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आठवड्याने आरागिरणीतल्या उरल्यासुरल्या फळ्या ठोकून त्यांनी एक ठेंगणं टेबल केलं आणि खिडकीखाली ठेवलं. चारही पाय वेगवेगळ्या लाकडाचे होते. त्यावर मी सहा वर्षं अभ्यास केला.

यशोधराला एम.ए.ची पुस्तकं वाचून दाखवणारं कोणीतरी हवं होतं. दर रविवारी मी तिच्या खोलीवर जायचे आणि टेपरेकॉर्डरसमोर बसून वाचायचे. पुढे ती त्या कॅसेट ऐकायची. दोन वर्षं वाचलं. सुरुवातीला मी अडखळायचे, तिला रिवाइंड करून ऐकताना त्रास व्हायचा म्हणून मी घरी आधी वाचून जायला लागले. अशी मी बी.ए.ला पोहोचायच्या आत एम.ए.ची निम्मी पुस्तकं वाचून बसले. आमची भांडणंही तिथेच व्हायची. एखादा लेखक मला पटला नाही तर मी मध्येच थांबून तसं म्हणायचे आणि ते कॅसेटमध्ये यायचं. ती सांगायची की परीक्षेच्या आदल्या दिवशी उजळणी करताना एका बाजूला लेखक आणि दुसऱ्या बाजूला पंचफुलाताई, कोणाचं धरू कळेना.

इंग्रजीत मी एकदा नापास झाले. मग कांचनने शिकवलं, ती तेव्हा दहावीत होती आणि मास्तरणीपेक्षा कडक होती. दोन हजार एकमध्ये मी बी.ए. झाले आणि त्याच जूनमध्ये पाच जागांच्या परीक्षेला बसले. या वेळी नव्वद जण होते. माझं नाव रेघेखाली पहिलं आलं.

पण यादीत नाव येणं आणि प्रवेश मिळणं यांच्यामध्ये एक खिडकी होती. पात्रता विभागाची. शेवटच्या तारखेला दुपारी मी तिथे रांगेत उभी होते. खिडकीतला तरुण कारकून भला होता, पण माझ्यासारखं प्रकरण त्याने पाहिलं नव्हतं. त्याने दहावीची गुणपत्रिका मागितली. मी म्हटलं, दहावी नाही. बारावी? तीही नाही. मग बी.ए. कसं झालं म्हणाला. मी पूर्वतयारीचं प्रमाणपत्र पुढे केलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि सगळे कागद टाचणी लावून परत दिले. साहेबांना विचारावं लागेल, साहेब मीटिंगला, पुढच्या आठवड्यात या.

पुढच्या आठवड्यात माझी जागा सहाव्या नंबरच्या उमेदवाराला गेली असती.

यशोधरा तेव्हा एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवायला लागली होती. सकाळीच मी तिला फोन केला होता, येता का म्हणून. ती म्हणाली होती, “मी येणार नाही. वाचायचं तुम्हाला येतं.”

मी पिशवीतून विद्यापीठाचीच माहितीपुस्तिका काढली. पान एकोणचाळीस मी दुमडून ठेवलं होतं. कारकुनाला म्हटलं, एवढं ऐका. आणि वाचलं. मान्यताप्राप्त विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी असलेला कोणताही उमेदवार या परीक्षेस व प्रवेशास पात्र राहील. पदवीपूर्वीचे शिक्षण कोणत्या मार्गाने झाले, याचा विचार केला जाणार नाही.

मोठ्याने वाचायचं असं ठरवलं नव्हतं. पण टेपरेकॉर्डरसमोर वाचून वाचून माझा आवाज तसाच झाला होता, सावकाश, एकेक अक्षर वेगळं. मागची रांग ऐकायला लागली. कारकून म्हणाला, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. मागून एक मुलगा म्हणाला की त्यांच्याच पुस्तकात आहे, मग विचारायचं काय राहिलं.

आतल्या दारातून एक वयस्कर बाई बाहेर आल्या. त्या विभागाच्या अधीक्षक. कोण वाचत होतं, त्यांनी विचारलं. मी हात वर केला, शाळेतल्यासारखा. त्यांनी पुस्तिका घेतली, चष्मा लावून ते पान स्वतः वाचलं, मग माझे कागद वाचले, पूर्वतयारीपासून बी.ए.पर्यंत एकेक. पुष्कळ वेळ लागला.

“पाच वर्षं,” त्या म्हणाल्या.

“सहा,” मी म्हटलं. “इंग्रजीचं एक धरून.”

त्यांनी कारकुनाच्या टेबलावरचा शिक्का उचलला आणि माझ्या अर्जावर स्वतः मारला. सही केली. म्हणाल्या, “तास सुरू झालेत तुमचे. विभागात जा आधी, फी उद्या भरली तरी चालेल. मी कळवते त्यांना.”

बाहेर कांचनचे बाबा सायकल धरून उभे होते. गिरणीतून अर्धी सुट्टी काढून आले होते, शर्टावर भुसा तसाच. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी सायकलचं स्टँड काढलं आणि कॅरिअर हाताने झटकलं, मी बसावं म्हणून.

“तुम्ही जा,” मी म्हटलं. “मला तास आहे.”

ते हसले, टांग मारून सायकलवर बसले आणि निघाले. मी साडीच्या निऱ्या सावरल्या आणि इतिहास विभागाच्या पायऱ्या चढायला लागले. वर कुठल्याशा वर्गात हजेरी चालली होती, आणि मी धावले.